मोन्तोने : दोन शिपायांचें गांव

इटलीस जाणारा आपल्याकडील प्रवासी रोम पाहतो, फ्लॉरेन्स पाहतो, व्हेनिसच्या कालव्यांतून नावेंत बसून हिंडतो, आणि आपण इटली पाहिली अशा समाधानानें घरीं परत येतो. त्याच्या वाटेवर मोन्तोने येत नाहीं. उंब्रिया प्रांतांत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पेरुजा शहराच्या उत्तरेस सुमारें ४० किलोमीटरांवर एका टेकडीच्या माथ्यावर हें लहानसें गांव वसलेलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ५०० मीटरांहून थोडी कमी. वस्ती भोंवतालच्या वाड्या धरून दीड हजाराच्या आसपास. एवढ्याशा गांवासाठीं महाराष्ट्रीयानें आपली वाट वांकडी करावी असें तेथें काय आहे, असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो योग्यच आहे. त्याचें उत्तर असें कीं, या गांवाच्या इतिहासाचीं दोन टोकें दोन शिपायांच्या हातीं आहेत. पहिला याच गांवाच्या धन्याच्या घराण्यांतला, पंधराव्या शतकाच्या आरंभीं मध्य इटलीस धाक घालणारा ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. दुसरे कोंकणांतील माणगांव तालुक्यांतून आलेले, अवघ्या बावीस वर्षांचे नाईक यशवंत घाडगे. या दोघांची आठवण एकाच गांवानें कशी सांभाळली, आणि त्यांत आपणांस विचार करण्यासारखें काय आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमध्य समुद्राभोंवतालच्या देशांत डोंगरमाथ्यावरचीं गांवें पावलोपावलीं दिसतात. नवख्या माणसास त्यांचें नवल वाटतें. खालीं सपाटीवर काळी जमीन, नदीचें पाणी आणि वाहतुकीचा रस्ता असतांना माणसें चढण चढून खडकावर कां जाऊन बसलीं? परंतु हौसेनें डोंगरावर राहावयास कोणी जात नाहीं. गरज त्याला तेथें नेते. रोमन साम्राज्य मोडल्यावर रस्त्यांचें रक्षण करणारा कोणी उरला नाहीं. ज्या रस्त्यानें पूर्वी व्यापारी येत त्याच रस्त्यानें लुटारू येऊं लागले. ठिकठिकाणच्या खोऱ्यांत दलदल वाढली आणि हिंवताप माजला. पुढें दहाव्या ते बाराव्या शतकांत जागजागच्या जहागीरदारांनीं विखुरलेल्या शेतकऱ्यांस तटाच्या आंत गोळा केलें. त्यांत रयतेचें रक्षण होतें, तशीच साऱ्याच्या वसुलीची सोयहि होती. आपल्या देशावरील गढी आणि तिच्या आश्रयानें वाढलेली वस्ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें अधिक उलगडून सांगावयास नको. फरक एवढाच कीं, आपल्याकडे गांवांत गढी असते आणि येथें गढींत गांव असतें.

मोन्तोनेची घडण या प्रकारची आहे. तटाला बोर्गो, मोन्ते आणि वेर्झिएरे अशा नांवांच्या तीन वेशी, आणि त्याच नांवांचे गांवाचे तीन भाग. वेशींतून आंत शिरलें कीं दगडी घरांच्या मधून अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या वर चढत जातात, आणि प्रवासी एका लहान चौकांत येऊन पोंचतो. त्या चौकाला फोर्तेब्राच्चो घराण्याचें नांव आहे. उंचवट्यावर सान फ्रांचेस्को हें चौदाव्या शतकांतलें मंदिर असून आतां त्याचें व लगतच्या मठाचें संग्रहालय केलेलें आहे. पेरुजाचा चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस केलेलें काम तेथें पाहावयास मिळतें. तेथून खालीं नजर टाकली म्हणजे टायबरचें रुंद खोरें, त्यांतील शेतें, आणि पलीकडे एकामागें एक उभ्या असलेल्या अपेनाइन पर्वताच्या रांगा दिसतात. किल्ला मात्र शोधावा लागतो. ब्राच्चोनें बांधलेल्या किल्ल्याचे आतां थोडे अवशेष तेवढे उरले आहेत, आणि ते कां तेवढेच उरले हें समजण्यासाठीं ब्राच्चोचीच हकीकत सांगितली पाहिजे.

ब्राच्चोचा जन्म १ जुलै १३६८ रोजीं झाला. त्याचा बाप ओद्दो हा मोन्तोनेचा धनी. पेरुजा शहरांत त्या काळीं सरदारपक्ष आणि लोकपक्ष यांच्यांत हाडवैर होतें, आणि ज्याची सरशी होई तो दुसऱ्यास हद्दपार करी. १३९३ मध्यें लोकपक्षाची सरशी झाली आणि फोर्तेब्राच्चो घराण्याचें वतन गेलें. पंचविशीच्या तरुणापाशीं घोडा, तलवार आणि गेलेल्या वतनाचा सल एवढेंच उरलें. त्या काळच्या इटलींत असल्या माणसास एक धंदा मोकळा होता, तो म्हणजे भाडोत्री सैन्याच्या सरदारीचा.

या धंद्याची पद्धति समजून घेण्यासारखी आहे. फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स आणि पोप हीं सर्व राज्यें आपलीं युद्धें बहुतांशीं भाड्याच्या सैन्यानें लढत. सरदाराशीं लेखी करार होई. त्यास 'कोन्दोत्ता' म्हणत, आणि त्यावरून त्या सरदारास 'कोन्दोत्तिएरे' हें नांव पडलें. किती भाले पुरवावयाचे, किती महिने चाकरी करावयाची, पुढें मुदत वाढविण्याचा हक्क कोणाचा, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. एक 'भाला' म्हणजे तीन माणसें : चिलखती स्वार, त्याचा हत्यारबंद मदतनीस आणि हरकाम्या पोऱ्या. पगार थकला म्हणजे धनी रोख रकमेऐवजीं एखादें गांव तोडून देई. आपल्याकडील शिलेदारी, सरंजाम आणि थकलेल्या फौजेचा तगादा हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत निजामशाही, आदिलशाही आणि मोंगल यांच्या ओढाताणींत मराठे सरदार ज्या रीतीनें आपापल्या पथकांसह चाकरी करीत, तिचें या व्यवस्थेशीं पुष्कळ साम्य आहे. मॅकिआव्हेलीनें आपल्या 'राजा' या ग्रंथांत अशा सैन्यावर कडक टीका केली आहे. तरी त्याच प्रकरणांत ब्राच्चो आणि त्याचा प्रतिस्पर्धी स्फोर्त्सा हे दोघे आपल्या काळीं इटलीचे भाग्यविधाते होते हें त्याला मान्य करावें लागलें.

हे दोघेहि अल्बेरिको दा बार्बिआनो या नामांकित सेनापतीच्या हाताखालीं तयार झाले, आणि पुढें दोन युद्धपद्धतींचे आद्य पुरुष ठरले. स्फोर्त्साचा भर मोठ्या जमावानें सावध हल्ला करण्यावर असे. ब्राच्चो आपल्या सैन्याच्या लहान लहान तुकड्या पाडी आणि त्या आळीपाळीनें लढाईंत घाली, म्हणजे शत्रु सतत झुंजत राही आणि याचे लोक विसावा घेऊन पुन्हां ताजेतवाने होऊन येत. १२ जुलै १४१६ रोजीं पेरुजाजवळ सांत एजिदिओ येथें कार्लो मालातेस्ताशीं त्याची गांठ पडली. ऐन उन्हाळ्यांतला दिवस, अंगावर लोखंडी चिलखतें, आणि लढाई तासन् तास चाललेली. ब्राच्चोनें आपल्या फळीमागें पाण्याची भरपूर तरतूद करून ठेविली होती; मालातेस्ताचे लोक तहानेनें हैराण झाले. मालातेस्ता कैद झाला, पेरुजाच्या वेशी उघडल्या, आणि तेवीस वर्षांपूर्वीं हांकलून दिलेला मनुष्य त्या शहराचा धनी होऊन आंत शिरला.

धनी झाल्यावर त्यानें केवळ लूट केली असें नाहीं. पेरुजाच्या मुख्य देवळाला लागून त्यानें उभारलेल्या कमानी आजहि 'ब्राच्चोच्या कमानी' म्हणून ओळखल्या जातात. शेजारच्या त्रासिमेनो सरोवराचें पाणी चढून कांठचीं शेतें बुडत, म्हणून जादा पाणी काढून देण्यासाठीं त्यानें १४२१ च्या सुमारास भुयारी पाट खोदविला. परंतु त्याची महत्त्वाकांक्षा पेरुजावर थांबणारी नव्हती. मध्य इटलींत स्वतःचें राज्य स्थापावें हा त्याचा मनसुबा होता, आणि ती भूमि पोपची होती. १४१७ मध्यें निवडून आलेला पोप मार्टिन पांचवा रोमकडे जातांना फ्लॉरेन्समध्यें मुक्कामास असतां, तेथलीं पोरें रस्त्यांत ब्राच्चोचा जयजयकार आणि पोपची टिंगल करणारें गाणें म्हणत, असें इतिहासकार सांगतात. पोपनें निरुपायानें त्याच्याशीं तह केला, पण तो अपमान तो विसरला नाहीं.

शेवट लाक्विला येथें झाला. त्या डोंगरी शहराला ब्राच्चोनें वेढा घातला होता. त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी स्फोर्त्सा जानेवारी १४२४ मध्यें, तेथेंच कुमक घेऊन येत असतां, पेस्कारा नदीच्या मुखाशीं बुडून मेला. पांच महिन्यांनीं, २ जून रोजीं, शहर सोडविण्यास आलेल्या सैन्याशीं लढतांना ब्राच्चो जखमी होऊन शत्रूच्या हातीं पडला आणि ५ जून रोजीं मरण पावला. पोपनें त्याला धर्मबहिष्कृत ठरविलें होतें. म्हणून त्याचें प्रेत अपवित्र भूमींत पुरण्यांत आलें. पुढें १४३२ मध्यें त्याच्या पुतण्यानें अस्थि पेरुजास आणून त्यांची प्रतिष्ठा केली. राज्य मात्र त्याच्याबरोबरच संपलें. सारी इमारत एका माणसाच्या मनगटावर उभी होती. मनगट खचतांच ती कोसळली. शहाजीराजांसारख्या पराक्रमी सरदाराच्या पोटीं ज्यानें चाकरीची चाकोरीच मोडली असा पुत्र जन्मास आला. ब्राच्चोच्या मागें तसें कोणी आलें नाहीं. राज्य टिकविण्यास जी लोकांची निष्ठा लागते ती कराराच्या कागदांतून निर्माण होत नसते, हाच त्याच्या चरित्राचा धडा होय.

त्याचा मुलगा कार्लो यानेंहि बापाचाच धंदा पत्करला आणि व्हेनिसची चाकरी केली. गांवाची परंपरा सांगते कीं, येशू ख्रिस्ताच्या कांट्यांच्या मुगुटांतला म्हणून पूज्य मानलेला एक कांटा त्याला या चाकरींत लाभला, आणि तो त्यानें १४७३ मध्यें मोन्तोनेस अर्पण केला. पुढें कार्लोनेंहि पेरुजा परत मिळविण्याचा खटाटोप केला, तेव्हां पोप चौथा सिक्स्टस यानें मोन्तोनेवर सैन्य पाठवून ब्राच्चोचा किल्ला पाडविला. तट पाडतां आला, आठवण पाडतां आली नाहीं. आजहि दर वर्षीं ऑगस्टमध्यें त्या कांट्याच्या अर्पणाचा उत्सव होतो. गांवकरी पंधराव्या शतकांतला पोशाख करून मिरवणूक काढतात आणि तिन्ही वेशींचे लोक आपसांत चढाओढ करतात. ज्याला पोपनें बहिष्कृत केलें त्याच्या पुत्रानें दिलेली ख्रिस्ताची खूण गांव भक्तिभावानें मिरवितें, यांत गांवकऱ्यांना कांहीं विसंगत वाटत नाहीं. राजदरबारीं दोषी ठरलेला मनुष्य गांवच्या दृष्टीनें आपलाच असतो.

या उत्सवांत न येणारें, पण त्याच भूमीवर घडलेलें दुसरें प्रकरण जुलै १९४४ चें. त्या वर्षीं ४ जूनला रोम दोस्त राष्ट्रांच्या हातीं आलें आणि जर्मन सेना उत्तरेस अपेनाइनमधील आपल्या शेवटच्या बळकट फळीकडे हटूं लागली. परंतु हटतां हटतां ती प्रत्येक खोरें, प्रत्येक टेकडी झुंजवीत होती, कारण तिला वेळ हवा होता. २० जूनला पेरुजा मोकळें झालें. तेथून टायबरच्या खोऱ्यानें वर सरकणाऱ्या सैन्यांत दहावी हिंदी डिव्हिजन होती, आणि तिच्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. या खोऱ्यानें आधींच पुष्कळ सोसलें होतें. मोन्तोनेखालच्या उंबेर्तीदे गांवावर २५ एप्रिल रोजीं दोस्तांच्याच विमानांनीं पुलाच्या रोखानें टाकलेले बाँब घरांवर पडून अनेक निरपराध माणसें मेलीं होतीं. मुक्तता कोणत्या किंमतीस मिळते हें तेथील लोकांना शिकवावें लागलें नाहीं.

१० जुलै रोजीं मराठ्यांच्या एका कंपनीनें शत्रूच्या बळकट ठाण्यावर हल्ला चढविला. नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखालची तुकडी अगदीं जवळून मशिनगनच्या माऱ्यांत सांपडली. तुकडींतले सगळे जण ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागें कोणी नाहीं हें त्यांस ठाऊक होतें. ते सरळ मशिनगनवर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं ती तोफ आणि ती चालविणारा यांस निकामी केलें. दुसऱ्यास आपल्या टॉमीगननें टिपलें. आणि गोळ्या भरण्यास उसंत नाहीं असें पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें लोळविलें. इतक्यांत दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनीं त्यांस गोळी घातली, आणि एकट्यानें जिंकलेल्या त्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडला. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. इटलीच्या मोहिमेंत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकीं ६ हिंदी सैनिकांचे होते. त्यांत दुसरे मराठे शिपाई नामदेव जाधव. त्यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि सुदैवानें ते जिवंत परत आले. घाडगे यांची कबर कोठेंहि नाहीं. कासिनो येथें, ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा चार हजारांवर सैनिकांच्या नांवांचें जें स्मारक आहे, त्यावर त्यांचें नांव कोरलेलें आहे.

येथें एका अवघड प्रश्नास तोंड दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ज्या जुलै महिन्यांत घाडगे इटलीच्या मुक्ततेसाठीं पडले, त्याच जुलै महिन्यांत जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेसच्या कार्यकारी मंडळाचे बहुतेक सभासद अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. आदल्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं होतीं. ज्याचा स्वतःचा देश पारतंत्र्यांत आहे त्यानें दुसऱ्याच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं मरावें, तेंहि आपल्याच देशास पारतंत्र्यांत ठेवणाऱ्याच्या झेंड्याखालीं, याला काय म्हणावें? हिंदुस्थानांत सक्तीची सैन्यभरती नव्हती. शिपाई आपण होऊन भरती होत आणि पगार घेत. मग ब्राच्चोच्या भाल्यांत आणि या बंदुकींत फरक तो काय, असें कोणी विचारील.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं, पण तो पुरता खराहि नाहीं. ब्राच्चो आपला करार आपण ठरवीत असे. धनी पसंत न पडल्यास दुसऱ्या धन्याकडे जाई, आणि जिंकलेल्या मुलखाचा वांटा मागे. डोंगरांतल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालविणाऱ्या कोंकणी तरुणाला युद्ध कोणाशीं करावें हें विचारणारें कोणी नव्हतें, आणि जिंकलेल्या भूमीवर त्याचा मुळींच हक्क नव्हता. त्या क्षणापुरतें बोलावयाचें तर मागें कोणी पाहणारा नाहीं, पुढें बक्षिसाची आशा नाहीं, सोबतची माणसें पडलेलीं, अशा वेळीं मनुष्य जें करतो तें पगारासाठीं करीत नाहीं. ज्या साम्राज्यानें त्याला तेथें पाठविलें त्याचा हिशेब निराळा मांडावा, आणि तो कठोरपणें मांडावा. परंतु त्या हिशेबांत त्या शिपायाचें शौर्य खर्चीं घालूं नये. आपल्या इतिहासलेखनांत हीच चूक वारंवार झालेली आहे. साम्राज्याच्या लढायांचा अभिमान वाटूं नये म्हणून आपण त्या लढायांत पडलेल्या आपल्या माणसांचेंहि विस्मरण पत्करलें. इटलीच्या मोहिमेंत हिंदी सैन्याचे ५७८२ लोक मरण पावले. त्यांतल्या किती जणांचीं नांवें आपल्या शाळांतून मुलांस सांगितलीं जातात?

मोन्तोनेनें तें विस्मरण होऊं दिलें नाहीं. जुलै २०२३ मध्यें, म्हणजे घाडगे पडल्यानंतर एकुणऐंशी वर्षांनीं, गांवच्या नगरसभेनें आणि इटालियन युद्धेतिहासकारांनीं मिळून त्यांचें स्मारक तेथें उभारलें. तो पुतळा नव्हे, विजयस्तंभ नव्हे. तें एक छायायंत्र आहे, सूर्याच्या सांवलीवरून वेळ दाखविणारें. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा कीं, आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों. या स्मारकांत राज्याचा, राजाचा किंवा झेंड्याचा गौरव नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्यांच्या मुलखांत तो मनुष्य पडला त्यांनीं त्याला केवळ मनुष्य म्हणून आपल्यांत घेतलें. ब्राच्चोला जन्मानें जो अधिकार मिळाला तो घाडगे यांना मरणानें मिळाला.

माणगांवांत घाडगे यांचा पुतळा आहे, आणि तो तेथें असणें उचितच आहे. पण इतिहासाचा जिज्ञासु जर कधीं इटलीस गेला, तर त्यानें रोम आणि फ्लॉरेन्स यांच्यामधला एक दिवस या टेकडीसाठीं राखून ठेवावा. चौकांत उभें राहून त्यानें ब्राच्चोचें नांव वाचावें, पाडलेल्या किल्ल्याची जागा पाहावी, आणि मग त्या छायायंत्रापाशीं जावें. खालीं दिसणारीं तीं शांत शेतें जिंकण्यासाठीं सहाशें वर्षांत पुष्कळ सैन्यें चालून आलीं. त्यांतलीं बहुतेक कोणाच्या नांवानें आलीं होतीं हें आज विद्वानांनाच ठाऊक आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तरुणाचें नांव मात्र त्या गांवानें दगडावर लिहून ठेविलें आहे. आपल्या माणसाचें नांव परक्यांनीं जपलें याचा आनंद मानावा. आणि तें आपण इतके दिवस जपलें नाहीं याची थोडी खंतहि मनांत ठेवूनच टेकडी उतरावी.